हयात मुलं : दोन

इन्क्युबेटरच्या मधल्या फळीवर पाच डब्या होत्या. चार डब्यांवर लेबल होतं: नाव, वय, नमुना घेतल्याची वेळ, पेशंट नंबर. पाचवीवर नुसती वेळ होती, तीही झाकणावर निळ्या पेननं लिहिलेली. बाहेरच्या टेबलावर एक मायक्रोस्कोप, मोजणीच्या दोन काचा, अंगठ्यानं दाबायचा एक काउंटर, पिपेटांचा स्टँड आणि सुमनताईंचा अर्धा उरलेला चहा. इन्क्युबेटरचा आकडा सदतीस अंशांवर स्थिर होता. खोलीत माणसं दोन, सुमनताई आणि साधना. सुमनताईंनी फळीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, “ही बिननावाची कुणाची गं?” साधना म्हणाली, “नाव येतंय, ताई.” “येतंय म्हणजे? रिक्षानं येतंय का? बिननावाचं काही ठेवू नकोस बाई, मागं एकदा दोन नवऱ्यांची अदलाबदल होता होता राहिली.” त्या स्वतःच हसल्या आणि रक्ताच्या नळ्या घेऊन आतल्या मशीनकडे गेल्या. पाचव्या डबीतला द्रव अजून घट्ट होता. तो पातळ व्हायला अर्धा तास तरी लागतो. तोपर्यंत मोजता येत नाही, आणि दुसरं काही करायलाही नव्हतं.

नमुना घरून आणायचा असेल तर शरीराच्या उबेत आणा, असं साधना या लॅबमध्ये रोज दोन-तीन पुरुषांना सांगते. ऐकताना बहुतेक जण तिच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतात. काखेत धरा, आतल्या खिशात ठेवा, पण गार होऊ देऊ नका. आज सकाळी भोसरीत शेअर रिक्षात चढण्याआधी तिनं डबी रुमालात गुंडाळून सलवारीच्या नाडीत पोटाशी खोचली होती. खड्डा आला की डबीची कड ओटीपोटावर रुतायची. तिथं दोन बोटं रुंदीचा एक व्रण आहे, अजून गुलाबी. डबी हलू नये म्हणून तिनं वरून हात धरला होता. शेजारच्या बाईनं त्या हाताकडे बघितलं, अंग चोरून जागा करून दिली आणि मायेनं विचारलं, “कितवा?” साधना नाही म्हणाली. बाईला ते ऐकू आलं नसावं, कारण ती ड्रायव्हरला म्हणाली, “भाऊ, जरा हळू घ्या ना, ताईला त्रास होतोय.” ड्रायव्हरनं नाशिक फाट्यापर्यंत खरंच हळू घेतली. संत तुकाराम नगरात लॅबपाशी पोचल्यावर बाथरूममध्ये जाऊन तिनं डबी काढली तेव्हा ती तिच्या अंगापेक्षा किंचित जास्तच उबदार लागली. तसं होऊ शकत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं बीएस्सी केलं आहे, त्यावर लॅबचा डिप्लोमा. स्पर्शानं तापमान सांगता येत नाही.

काल रविवार होता. काल दुपारी भिवा जेवायला आला नसता तर आज ही डबी इथं नसती. भिवा रविराजच्या गावचा, औशाकडचा, चाकणला त्याच कंपनीत वेल्डर, दोघंही ठेकेदाराकडचे. भिवाला हसवायला आवडतं. रविराज नवरा म्हणून कमी बोलतो, मित्र म्हणूनही कमीच बोलतो, त्यामुळे भिवा दोघांच्या वाटचं बोलतो. विजयश्री आणि सायली, रविराजच्या दोघी मुली, आपापली ताटं घेऊन त्याच्या समोरच बसल्या होत्या. साधना भाकरी वाढत होती. कंपनीत हजेरीला नवीन मशीन बसलंय, ते तोंड बघितल्याशिवाय आत सोडत नाही, यावर भिवाचं चाललं होतं. “टोपी काढ म्हणतंय, मान वर कर म्हणतंय. लग्नाला पोरगी बघायलंय का काय, वहिनी! पयलं कार्डच बरं होतं. हा गावाकडं गेला की ह्याचं कार्ड मी मारायचो, मी गेलो की माझं हा. वरीसभर ठेकेदाराला पत्ता न्हाई.” सायली खो खो हसली. तिच्या हसण्यानं भिवाला आणखी चेव आला. “अगं कार्डाचं काय घेऊन बसलीस! तुझ्या पप्पाची ती डबीसुदा मीच भरून दिली हुती. तिथं कुठं मशीन तोंड बघतंय!”

रविराजनं तोंडातलं हाडूक काढून ताटाच्या कडेला ठेवलं. सासूबाई, अंबूबाई, चटकन म्हणाल्या, “भिवा, रस्सा घे.” साधनाच्या हातात भाकरी होती. ती दोन्ही हातांनी मोडायची असते, तर एकाच हातात धरून तिनं विचारलं, “कसली डबी, भाऊजी?” भिवानं आधी रविराजकडे बघितलं, मग ताटात. “काय न्हाई वो. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तपासायला द्यावी लागती ती. शून्य आलं की मग सर्टिफिकेट. ह्याचा तवा ओव्हरटाइम चालू, दांडी मारली की हजेरीचा बोनस जायचा. माझं तर वरीसभर आदीच झालेलं. म्हणलं, चल भावा, तुझं बी कार्ड मारून येतो.” मग त्याला बहुतेक कळलं, की आपण काहीतरी सांगितलंय. त्यानं रस्सा घेतला, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, “झकास झालाय.”

मेंदूत एखादी गोष्ट शिरते त्या क्षणी आवाज होत नाही, हे साधनाच्या लक्षात आलं. तिनं भाकरी मोडली, अर्धी भिवाला, अर्धी रविराजला वाढली. चुलीसारखा गॅस फरफरत होता, बाजूच्या वर्कशॉपमधला प्रेस रविवारीही चालू होता, प्रत्येक ठोक्याबरोबर फरशीवरचं पाणी शहारत होतं. ते ती बघत राहिली. ठोका, मग शहारा. आधी कारण, मग परिणाम. परिणाम आधी झाला होता, तो चार महिन्यांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये बादलीत गेला होता.

तिचं पहिलं लग्न दिघीत झालं होतं. अजिंक्य, जमिनी विकून गाळे बांधलेल्या घरातला. चार वर्षं मूल झालं नाही. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या ठीक आल्या, आणि प्रत्येक रिपोर्ट ठीक आला की घरात तिच्याबद्दलचा संशय वाढत गेला, जणू ती काहीतरी लपवण्यात तरबेज आहे. अजिंक्यला तिनं एकदाच विचारलं होतं. दिवसभर परक्या पुरुषांचे नमुने मोजणारी बायको आपल्याला डबी पुढं करते, हे त्याला सहन झालं नाही. तो म्हणाला, “आमच्यात न्हाई असलं कुणी केलं.” त्याच्या दुसऱ्या बायकोलाही अजून काही नाही, असं ती ऐकून आहे. तिच्याही तपासण्या ठीक येत असतील. सोडचिठ्ठीनंतर साधनाच्या मामांनी, सोपानरावांनी, रविराजचं स्थळ आणलं. पहिली बायको कस्तुरा हृदयाच्या आजारानं गेलेली, दोन मुली, माणूस निर्व्यसनी. मामा म्हणाले, “त्याला पोरी आहेत, तुला होत नाही. कुणाचंच काही अडत नाही.” ते वाक्य तिला तेव्हा व्यवहारी वाटलं होतं. त्याचा अर्धाच अर्थ तिला सांगितला गेला होता. दुसरा अर्धा सासरच्यांना ठाऊक होता: याला होणार नाही, हिलाही होत नाही. ऑपरेशनचं कुणी बोललं नाही. न होणाऱ्या बाईला ते सांगून करायचं काय?

ऑपरेशन योजनेसाठी केलेलं. दोन मुलींवर थांबलं, दोघांपैकी एकानं नसबंदीची शस्त्रक्रिया केली, की सरकार मुलींच्या नावावर टप्प्याटप्प्यानं पैसे टाकतं. तिसरं झालं की बंद. कस्तुराचं हृदय भूल देण्याजोगं नव्हतं, म्हणून रविराज टेबलावर झोपला. भोसरीच्या त्या चाळीत असं करणारा तो आणि भिवा दोघंच, आणि दोघांनाही त्यावरून वर्षभर चिडवलं गेलं होतं. नंतर कस्तुरा औषधोपचाराला गावीच असायची, सणावारी भेट. त्यामुळे ऑपरेशन किती पक्कं आहे याची परीक्षा कधी झालीच नाही. ती साधनानं घेतली, नकळत, लग्नानंतर दीड वर्षानं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तिनं लॅबमध्येच स्वतःची तपासणी केली. पट्टीवर दुसरी रेघ उमटली तेव्हा तिनं नियमाप्रमाणे दुसऱ्या पट्टीवर पुन्हा केली. मग रक्त काढून आकडा बघितला. मग पेढे घेतले. पहिल्यांदा तिला आनंद झाला तो मुलाचा नव्हता; आपण खोटं बोलत नव्हतो, याचा होता. चार वर्षं सगळे रिपोर्ट खरे होते. संध्याकाळी रविराज कंपनीच्या बसमधून उतरून आला, अंगाला मशीन गार ठेवणाऱ्या कुलंटचा आंबूस वास, तिनं त्याच्या हातात पेढा दिला आणि सांगितलं. त्यानं अर्धा पेढा खाल्ला. उरलेला अर्धा बॉक्समध्ये परत ठेवला, जिथून उचलला होता बरोबर त्याच खळग्यात. तिला वाटलं, पहिलीची आठवण येत असेल.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “कुणाचं हाय?” आवाज चढवला नाही. पाण्याची टाकी भरली का, असं विचारावं तसं विचारलं. मग ऑपरेशनचं सांगितलं. साधना हे वाक्य अनेकदा आठवून बघते आणि प्रत्येक वेळी तिला स्वतःचंच नवल वाटतं: तिला राग आला नव्हता, तिला आकडे आठवले होते. कापलेल्या नळ्या क्वचित आपोआप जुळतात. सुरुवातीला बराच काळ साठा उरतो. म्हणून तर तीन महिन्यांनी तपासायचं. तिनं ते सगळं त्याला समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून. तो आकृतीकडे बघत म्हणाला, “तपासलंय. शून्य आलंय. सरकारनं सर्टिफिकेट दिलंय.” आता तिला वाटतं, तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्यानं मारलेल्या कार्डावर त्याचा पगार निघत होता, तसंच दुसऱ्याच्या डबीवर त्याचं शून्य निघालं होतं. कार्ड पंच झालं म्हणजे माणूस हजर. यात त्याला कधी फट दिसली नव्हती. ती म्हणाली, “पुन्हा तपासू. आमच्याकडे नको, दुसरीकडे दे.” तो म्हणाला, “तू मला डबी मागायलीस? चूक तुझी, आन् डबी मी भरू?”

अंबूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी तिला समोर बसवलं, तिच्या हातातली मेथीची जुडी घेऊन निम्मी स्वतः निवडायला घेतली आणि शांतपणे सांगितलं. “हे बघ, साधना. तपासलं आन् त्येचं निघालं, तर सर्टिफिकेट खोटं ठरतंय. तिसरं लेकरू. पोरींचं सगळं बंद. त्येचं न्हाई निघालं, तर तू घरात ऱ्हात न्हाईस. मग तपासायचं कशाला?” देठं एका बाजूला, पानं एका बाजूला पडत होती. साधनाला कॉलेजातले सर आठवले. दोन्ही निष्कर्षांतून एकच कृती निघत असेल तर प्रयोग करू नका, ते म्हणायचे, साहित्य वाया जातं. अंबूबाई चौथी शिकल्या होत्या. त्यांच्या मांडणीत तिला एकही चूक सापडेना. ती म्हणाली, “माझं पहिलंच आहे, आई.” अंबूबाईंनी मेथीचं एक पिवळं पान बाजूला काढलं. “तुझं पयलं. घराचं तिसरं हाय. आन् सरकार घर मोजतंय.”

विजयश्री नऊ वर्षांची आहे. साधनाला ती काहीच हाक मारत नाही, नुसतं समोर येऊन उभी राहते. त्या आठवड्यात ती अशीच गणिताची वही घेऊन उभी राहिली. साधनानं गुणाकार तपासले. सगळे बरोबर होते. मग मुलीनं विचारलं, “तुला बाळ झालं की आमच्या दोघींचे पैसे जाणार ना?” त्यात द्वेष नव्हता. उत्तर बरोबर आलंय का, एवढंच तिला बघायचं होतं. साधनानं मामांना फोन केला. सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं. “एकदा परत आलीस,” ते म्हणाले. “सारखं सारखं परत यायला माहेर म्हणजे काय वल्लभनगरचा एस. टी. स्टँड आहे?” त्या स्टँडवरून ती रोज चालत लॅबला येते; फोनही तिथूनच केला होता. फोन ठेवल्यावर तिनं बघितलं, बस मागं घेताना एक माणूस मागं उभा राहून पत्रा बडवत होता, येऊ दे, येऊ दे, येऊ दे.

नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या, त्यांच्या टेबलावर मनीप्लांट होता. “आधीची मुलं किती?” त्यांनी विचारलं. साधनानं तोंड उघडण्याआधी रविराज म्हणाला, “दोन.” बाईंनी लिहिलं, हयात मुलं, दोन. गर्भपाताच्या कारणाच्या जागी त्यांनी सवयीनं लिहिलं, गर्भनिरोधक उपाय निकामी ठरल्यामुळे. साधनानं ते उलट्या बाजूनं वाचलं. त्या सगळ्या प्रकरणात कुणीतरी लिहिलेलं ते एकमेव खरं वाक्य होतं, आणि लिहिणारीला ते माहीत नव्हतं. “दोन आहेत तर एकदाच बंद करून टाका ना,” बाई म्हणाल्या. “त्याच भुलीत होऊन जाईल.” मागं खुर्चीवर बसलेल्या अंबूबाई म्हणाल्या, “करा. पुन्ना भायेरचं घरात नको.” त्या ‘भायेरचं’ म्हणाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फक्त वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. दोन मुलं लिहिलेली होती. शून्य लिहिलं असतं तर त्यांनी ऑपरेशनचं नाव काढलं नसतं. बिनामुलाच्या बाईचं असं ऑपरेशन करत नाहीत. बाहेरच्या पॅसेजमध्ये रविराज तिच्याजवळ आला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत तिचा हात धरला. “सही कर,” तो म्हणाला. “मग मी कदी इचारणार न्हाई.” तो रडकुंडीला आला होता. तिला त्याची दया आली. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केलेली होती, तिनं तिथं नाव लिहिलं, पूर्ण, वळणदार, डिग्रीवर करतात तसं.

त्यानं शब्द पाळला. चार महिन्यांत एकदाही विचारलं नाही. जेवण चांगलं झालं की चांगलं झालं म्हणाला, तिच्या पगारातून मुलींना दप्तरं आणली तेव्हा ‘तुझ्या मम्मीनं आणलीत’ असं सायलीला सांगितलं. माफ केलेल्या माणसाशी वागतात तसा तो तिच्याशी वागत होता, आणि ती माफ झालेल्या माणसासारखी वागायला शिकत होती. हळूहळू तिला स्वतःबद्दल थोडी शंकाही येऊ लागली होती. कुठल्या तरी झोपेत, कुठल्या तरी गर्दीत. शास्त्र शिकलेल्या बाईला अशी शंका यावी, हे तिनं एक निरीक्षण म्हणून नोंदवून ठेवलं होतं.

काल भिवा गेल्यावर रविराज बराच वेळ दारात बसून होता. आज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, तो मोरीतून बाहेर आला आणि तिच्याच पर्समधून काढलेली लॅबची डबी भरून त्यानं ओट्यावर ठेवली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. “तूच मोज,” तो म्हणाला. “शून्य आलं की विषय बंद. आपल्या नावाचा रिपोर्ट कर, घरात लावून ठिवतो.” शून्य आलं नाही तर काय, हे तो बोलला नाही. अंबूबाई चहा गाळत होत्या. रविराज जिना उतरून गेल्यावर त्यांनी साधनाच्या पुढ्यात कप सरकवला, वर दोन बिस्किटं ठेवली, एरवी एकच असतं. “शून्यच लिवून आण, बाई,” त्या म्हणाल्या. “आता झालं ते झालं. तुझं काय ते माघारी येतंय का? पोरींचं तरी ऱ्हाऊ दे. आन् त्येला बी झोप लागंल.” त्यांनी हे हात जोडून म्हटलं नाही, धमकी म्हणूनही नाही. मेथीसारखंच निवडून ठेवलं, देठं एकीकडं, पानं एकीकडं. या वेळीही त्यात चूक सापडली नाही.

मोबाइल टेबलावर थरथरला. रविराजचा मेसेज होता, ‘झालं का’. चहाची सुट्टी झाली असेल. साधनानं इन्क्युबेटर उघडून डबी काढली, तिरकी करून बघितली. द्रव पातळ झाला होता, कडेवरून एकसारखा ओघळत होता. तिनं तो पिपेटमध्ये ओढून किती भरतो ते बघितलं, ठरलेल्या प्रमाणात पातळ केला, काचेवर झाकणकाच बसवली आणि कडेला थेंब टेकवला. थेंब आपोआप आत ओढला गेला. ती मायक्रोस्कोपवर वाकली. चौकोनांची जाळी स्पष्ट झाली. पुष्कळ वेळ तिनं काउंटरला हात लावला नाही. मग अंगठा ठेवला आणि ओळीनं, डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, दाबत गेली. रेघेवर असलेले वरच्या आणि डाव्या कडेचे धरायचे, खालच्या आणि उजव्या कडेचे सोडायचे. तो नियम तिनं पाळला.

दुसरी काच दुसऱ्या माणसानं मोजायची, अशी लॅबची पद्धत आहे. दोन आकडे जुळले तरच रिपोर्ट. तिनं सुमनताईंना हाक मारली. सुमनताई गार झालेल्या चहाचा घोट घेऊन बसल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि टकटक मोजायला लागल्या. “कमी आहेत गं जरा,” त्या मोजता मोजता म्हणाल्या, “पण पळतायत छान. लागून जाईल एखादा. बायकोचं काय आहे? तिच्या नळ्या तपासायला सांग.”

“बायकोचं ऑपरेशन झालंय, ताई.”

“बंद केल्याचं?”

“हो.”

“मग आता मोजायला कशाला आणलंय?” सुमनताई हसल्या. “लोकांना पण ना, पैसे जास्त झालेत.” त्यांनी आपला आकडा सांगितला. तो साधनाच्या आकड्याशी जुळला. त्या उठून आत गेल्या.

मोबाइल पुन्हा थरथरला. ‘शून्य ना’. साधनानं तो पालथा ठेवला. ड्रॉवरमधून एक कोरं लेबल काढलं, त्यावर नाव लिहून डबीला चिकटवलं, कडा बोटानं दाबून घेतल्या. मग कॉम्प्युटरवर नवा रिपोर्ट उघडला आणि टाइप केलं.

रविराज रंगराव माने, पुरुष, वय ३६. नमुना : २.६ मिलिलिटर. शुक्रजंतू : दर मिलिलिटरला एक कोटी वीस लाख. हालचाल करणारे : अडतीस टक्के.